किमी, किमी

तोक्योच्या तोझाई लाइनवर, किबा ते मोन्झेन-नाकाचो एवढ्याशा टप्प्यात, २०१९ साली सकाळी गाडीच्या क्षमतेच्या १९९ टक्के माणसं असायची. दोनशे टक्क्यांची सरकारी व्याख्या अशी, की अंगाला अंग भिडतं, चांगलाच दाब जाणवतो, पण साप्ताहिक कसंबसं वाचता येतं. ही व्याख्या करणारे गृहस्थ सायकलने कचेरीत जात असणार.

मी मूळचा डोंबिवलीचा. गर्दीचं मला अप्रूप नाही. पण आमच्या गर्दीला तोंड आहे. भजनी मंडळी टाळ कुटत असतात, कुणाच्या तरी सासूचं ऑपरेशन अख्ख्या डब्याला तोंडपाठ असतं. इथे माणसं दोनशे टक्के आणि आवाज शून्य. फोनवर बोलायचं नाही. इयरफोनमधून बाहेर झिरपणाऱ्या आवाजालासुद्धा जपानीत खास शब्द आहे, ओतोमोरे. ज्याला नाव पडलं तो गुन्हा, हे आपण समजून घ्यायचं.

म्हणून मी गाणी लावू लागलो. निवड माझी नसते. निशी-कासाईला चढताना फोन ज्या खिशात गेला तिथेच राहतो, कारण अराकावा नदी ओलांडून गाडी बोगद्यात शिरेपर्यंत आपले हात नेमके कुठे आहेत हे आपल्यालाही सांगता येत नाही. एकदा मारिया ताकेउचीचं 'प्लास्टिक लव्ह' पुन्हापुन्हा वाजायला लागलं, ते इइदाबाशीला उतरेपर्यंत वाजलं. गाणं १९८४चं, जवळजवळ पाच मिनिटांचं. संयोजन तिच्या नवऱ्याचं, तात्सुरो यामाशिताचं. खालून बेस असा सरकतो, की माणूस चेंगरलेल्या अवस्थेतही मान डोलावतो. (तेवढीच मोकळी असते.) गाण्यातल्या बाईचं मन मोडलंय आणि ती आता प्रेमाचा नुसता खेळ मांडून बसलीय, हे मला दोन वर्षांनी कळलं.

भाषा येत नव्हती तेव्हा दोनच शब्द कानात शिरायचे. एक 'किमी'. ज्या त्या गाण्यात किमी! एवढी आर्त गाणी, आणि मधूनमधून महामार्गाचे दगड. दुसरा 'आइताइ'. हा आला की आई आणि ताई दोघी डोळ्यांपुढे उभ्या. काना निशिनोच्या २०१०च्या एका गाण्याचं तर नावच 'आइताकुते आइताकुते'. मी ते सासुरवाशिणीचं समजून फार हळवेपणाने ऐकलं. मग कळलं, 'किमी' म्हणजे 'तू' आणि 'आइताइ' म्हणजे 'भेटावंसं वाटतंय'.

एवढ्या भांडवलावर मी साहेबांना निरोप धाडला. काम साधं होतं, भेटीची वेळ हवी होती. लिहिलं, 'किमी नि आइताइ'. आता किमी हा शब्द साहेबाने हाताखालच्याला म्हणावा, किंवा गाण्यातल्या पोराने पोरीला. उलट दिशेने गेला तर त्याचं साधारण 'राणी, तुझ्या भेटीची ओढ लागलीय गं' होतं. साहेबांचं वय अठ्ठावन्न. त्यांनी अत्यंत अदबीने चार वाजताची वेळ दिली, आणि येताना एचआरच्या बाईंना सोबत आणलं.

तेव्हापासून मी बिनशब्दांच्या संगीताकडे वळलोय. तोझाई लाइनवर दारं मिटण्याआधी फलाटावर धून वाजते. २०१५पासूनच्या या धुना पूर्वी कासिओपिया बँडमध्ये असलेल्या मिनोरू मुकाइयांनी बांधल्यात. एकेका स्थानकाची धून ओळीने जोडली की सलग गाणं होतं. माझ्या एक स्थानक आधी, कुदानशिताला, मात्र बाकुफू स्लम्प या बँडच्या जुन्या गाण्याची धून आहे. त्या गाण्याचं नाव 'मोठ्या कांद्याखाली'. कांदा म्हणजे शेजारच्या बुदोकान सभागृहाच्या छपरावरचा सोनेरी कळस. पत्रमैत्रिणीला तिथे बोलावलंय, आणि ती येत नाही.

हे मी आईला फोनवर रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "तिकडे काय किलो आहे?"

इथे कांदा किलोवर नाही, तीन-तीनच्या जाळीत मिळतो, असं सांगितल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही.