परचेसमधले साडूभाऊ

आमचे साडू पिंपरीच्या एका कारखान्यात परचेसला होते. आता निवृत्त झालेत, पण ते कारखान्यातून. परचेस चालूच आहे. घरात मिक्सर घ्यायचा असो की गुडघ्याचं ऑपरेशन करायचं असो, तीन कोटेशनं आल्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही. सगळ्यात कमी दराच्या कोटेशनला ते ‘एल-वन’ म्हणतात. थोरल्या मुलीला स्थळं येत होती, तेव्हाही त्यांच्या तोंडून एकदा हा शब्द निसटला होता.

तर लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला मेहुणीबाईंनी जाहीर केलं, की साडी नको, दागिना नको, मला मुंबईत दोन रात्री हॉटेलात राहायचंय. तिचं म्हणणं अगदी रास्त होतं. पुण्याच्या माणसाला मुंबई दिसत नाही ती नातेवाइकांमुळे. दादरला मावशी, मुलुंडला आत्या. मुंबईला जायचं म्हणजे मावशीच्या दिवाणखान्यात गादी टाकून झोपायचं, सकाळी बाथरूमसाठी नंबर लावायचा, केईएममध्ये कुणाला तरी बघायचं आणि डबा परत करून घरी यायचं. पस्तीस वर्षं तिने हीच मुंबई पाहिली होती. तिची अट एकच होती. हॉटेलाला काहीतरी ढंग पाहिजे. “पांढऱ्या चादरी आणि भिंतीला टांगलेला टीव्ही आपल्या कोपऱ्यावरच्या नर्सिंग होममध्येही असतो,” ती म्हणाली.

साडूभाऊंनी त्याच रात्री लॅपटॉप उघडला आणि टेंडर काढलं.

ढंग ही वस्तू त्यांनी आयुष्यात कधी खरेदी केली नव्हती, म्हणून त्यांनी सुरुवात अभ्यासापासून केली. रविवारी माझ्याकडे आले ते तक्ता घेऊनच. पहिल्या ओळीत वॉटसन्स हॉटेल.

“साडूभाऊ, काळा घोड्याजवळ आहे. सगळा सांगाडा ओतीव लोखंडाचा! इंग्लंडात तुकडे तयार केले, जहाजात घातले आणि इथं आणून जोडले. ७ जुलै १८९६ला ल्युमिए बंधूंचा सिनेमा दाखवला तो याच हॉटेलात. हिंदुस्थानातला पहिला खेळ.”

“अहो, पण ते हॉटेल बंद पडून जमाना झाला. इमारत मोडकळीला आली आहे.”

“मग टेक्निकल बिडमध्येच बाद,” असं म्हणून त्यांनी शांतपणे लाल रेघ मारली. हॉटेल आज चालू आहे की नाही हा रकाना त्यांच्या तक्त्यात नव्हता. कचऱ्याच्या डब्याला झाकण आहे का, हा होता.

दुसऱ्या ओळीत क्रॉफर्ड मार्केटजवळचं सरदारगृह. “लोकमान्य मुंबईत इथंच उतरायचे. १ ऑगस्ट १९२०ला...” एवढं होईपर्यंत स्वयंपाकघरातून मेहुणीबाईंचा आवाज आला, “लग्नाच्या वाढदिवसाला मी टिळक वारले तिथं झोपणार नाही!” लाल रेघ.

तिसरी ओळ ताज. इथं मात्र साडूभाऊ खुलले. “मूळ आराखडा मराठी माणसाचा बरं का. सीताराम खंडेराव वैद्य. जोडीला मिर्झा. वैद्य मध्येच गेले, मग चेंबर्स नावाच्या साहेबानं पुरं केलं. १६ डिसेंबर १९०३ला उघडलं. गेटवे त्यानंतर एकवीस वर्षांनी! म्हणजे गेटवेसमोर ताज नाही, ताजसमोर गेटवे आहे.” इमारत उलटी बांधली गेली म्हणून आर्किटेक्टनं जीव दिला, ही गोष्ट लहानपणी आम्हा सगळ्यांना सांगितलेली असते. तीही त्यांनी निकालात काढली. मूळ दार शहराच्याच बाजूला ठेवलं होतं, आज जिथं पोहण्याचा तलाव आहे तिथं. चूकबीक काही नाही.

“मग ताजच घेताय?”

“छे हो! तिथं चहा पिऊ.” क्षणभर थांबून म्हणाले, “आधी चहाचा रेट विचारतो.”

इतिहास संपला आणि कर सुरू झाला. खोलीचं भाडं साडेसात हजारांपर्यंत असेल तर जीएसटी पाच टक्के आणि त्याच्या वर गेलं की अठरा. साडूभाऊंनी कागदावर मांडून दाखवलं. ७,५००च्या खोलीचे होतात ७,८७५. ७,५०१च्या खोलीचे ८,८५१. एक रुपया चढा भाव दिला की खिशातून नऊशे शहात्तर जातात. या साडेसातीतून सुटायचं म्हणून त्यांनी साडेसात हजारांवरची सगळी हॉटेलं एका फटक्यात उडवली. त्यांतल्या कितीतरी ठिकाणी तिला हवा तसा ढंग होता. पण ढंगाला इनपुट क्रेडिट मिळत नाही, असं त्यांचं उत्तर.

खाली उरली ती जुन्या इमारतींमध्ये नव्यानं सजवलेली छोटी हॉटेलं. त्यांना बुटीक म्हणतात. साडूभाऊंचा आणि या शैलीचा पहिला सामना बघण्यासारखा होता. “ही भिंत बघा. प्लास्टरच नाही! आमच्या शनिवारातल्या वाड्यात अशा विटा दिसायला लागल्या की वडील मालकाशी भांडायचे. आणि हे लोक त्याचे पैसे घेतात. टेबलाच्या जागी पत्र्याची ट्रंक. लॉबीत टाइपरायटर. बल्ब असा की आतली तार मोजता यावी. पलंगावर उशा किती? नऊ. माणसं दोन.” जे सगळं पाडून, विकून, भंगारात घालून आपण फ्लॅटमध्ये आलो ते पैसे देऊन बघायला जायचं, हे त्यांना उमगत नव्हतं. मला विचाराल तर त्यांचं चुकत नव्हतं. पण ती ट्रंक मेहुणीबाईंना फार आवडली होती, आणि त्यांच्या माळ्यावरची ट्रंक खाली काढून टेबल करा म्हणून ती दहा वर्षं मागे लागली होती, हेही मला ठाऊक होतं.

फोटो वाचण्याची त्यांची विद्या मात्र शिकून घ्यावी अशी. हॉटेलवाले खोलीचा फोटो कोपऱ्यात उभं राहून रुंद लेन्सनं काढतात, त्यामुळे कोठडीचाही दरबार दिसतो. साडूभाऊ लेन्सकडे बघतच नाहीत. ते फरशा मोजतात. “जुनी नक्षीची सिमेंटची फरशी आठ इंची असते. पलंगाच्या कडेपासून भिंतीपर्यंत पाच फरशा. म्हणजे चाळीस इंच. मी बॅग उघडून ठेवली की हिला खिडकीपाशी जाता येणार नाही.” पडदा ओढलेला फोटो असला की खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे असं धरायचं. फोटोत फक्त फळांची थाळी, मेणबत्ती आणि टॉवेलचा हंस असला तर खोली दाखवण्यासारखी नाही असं समजायचं.

गिऱ्हाइकांचे अभिप्रायही ते असेच चाळून घेतात. पाच तारे देणारा मालकाचा भाचा असतो. एक तारा देणारा घरातूनच भांडून निघालेला असतो. खरं बोलतो तो तीन तारेवाला. हा माणूस नाश्ता चांगला होता म्हणतो आणि पुढच्याच वाक्यात लिफ्टचा आवाज रात्रभर उशाशी होता हेही सांगतो. साडूभाऊ फक्त तीन तारेवाले वाचतात आणि त्यांच्यातल्या काहींबद्दल ‘आपला माणूस आहे’ असं मायेनं बोलतात.

मग फोन. मी समोर बसलो होतो म्हणून हा संवाद खात्रीनं सांगतो.

“तुम्ही लिहिलंय समुद्राचं अंशतः दर्शन. अंशतः म्हणजे किती टक्के?”

पलीकडून काहीतरी गोड उत्तर आलं.

“उभं राहून की बसून? ... खिडकी उघडते का? ... बरं, आमची डेक्कन क्वीन सव्वासातला निघते, दहा पंचवीसला सीएसएमटी. तुमची खोली दोनला. मधे साडेतीन तास. ... सामान ठेवाल हो, मला कुठं ठेवाल?”

फोन ठेवून त्यांनी पुन्हा कागद ओढला. दुपारी दोन ते परवा सकाळी अकरा, म्हणजे दोन रात्रींचे पैसे आणि पंचेचाळीस तासांची खोली. पंधरा हजार सातशे पन्नास भागिले पंचेचाळीस. तासाला बरोब्बर साडेतीनशे. “त्यातले सोळा तास झोपेत. म्हणजे पाच हजार सहाशे रुपये आपण डोळे मिटून घालवणार!” त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

माणूस कंजूष आहे असा तुमचा समज होत असेल, तर तो काढून टाका. मुलीच्या शिक्षणाला त्यांनी मागेपुढे पाहिलं नाही. पैसे जाण्याची त्यांना भीती नाही. भीती आहे ती एका वाक्याची. आपण कुठंतरी जाऊन येतो, चांगले चार फोटो दाखवतो, आणि पाहुण्यांतला कुणीतरी चिवडा तोंडात टाकत सहज म्हणतो, “अस्सं? आम्हाला तर याहून कमीत मिळालं होतं.” या वाक्यानं साडूभाऊंचं महाबळेश्वर खराब झालं, केरळ खराब झालं. अख्खा तक्ता, फरशा, टक्के, सगळी तटबंदी त्या एका अज्ञात चिवडा खाणाऱ्याविरुद्ध होती.

शेवटी एकाच वेळी तीन हॉटेलांत आरक्षण झालं. तिन्ही फुकट रद्द होणारी. रोज सकाळी चहाबरोबर ते तिन्ही भाव बघत. एकाचा चारशेनं उतरला की जुनं आरक्षण रद्द करून त्याच हॉटेलात नवं. आम्हा उभयतांनाही सोबत ओढलं होतं. प्रेम होतंच, पण दोन खोल्या म्हटल्यावर व्हॉल्यूम डिस्काउंट मागता येतो.

कुलाब्याच्या एका गल्लीतलं हॉटेल एल-वन ठरलं. नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात त्यांचा दोष थोडाच होता. खोलीत शिरल्याबरोबर साडूभाऊ गुडघ्यांवर बसले. पलंगापासून भिंतीपर्यंत फरशा मोजल्या. पाच! त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता. मेहुणीबाई तोवर ट्रंकेवरून हात फिरवत होती.

फोटोत एक गोष्ट मात्र कुणाच्या लक्षात आली नव्हती. बाथरूमची भिंत काचेची होती. आरपार. आत माणूस आणि बाहेर पलंगावर प्रेक्षक, असं तारापोरवाला मत्स्यालयच. पडदा होता, पण त्याची कळ पलंगापाशी होती आणि ती चालत नव्हती. बुटीकवाल्यांना नवराबायकोत पस्तीस वर्षांनंतर नक्की काय चालतं असं वाटतं, कोण जाणे. संध्याकाळी मी खोलीबाहेर आलो, तर साडूभाऊ बनियनवर, खांद्यावर टॉवेल टाकून कॉरिडॉरमध्ये उभे.

“तिची आंघोळ चाललीय,” ते म्हणाले. “तुम्ही?”

“माझ्याही घरची.”

दोघं साडू भिंतीला टेकून उभे राहिलो. येणारीजाणारी तरुण जोडपी आमच्याकडे बघून हळू आवाजात गुड ईव्हनिंग म्हणत होती. थोड्या वेळानं साडूभाऊंनी हिशेब केला. “दोन बायका, दोन दिवस, रोज पाऊण तास. कॉरिडॉरमधे आपले एक हजार पन्नास गेले. प्रत्येकी पाचशे पंचवीस.” हिशेबात काहीतरी चूक होती, पण बनियनवरच्या माणसाशी वाद घालू नये.

बायका मात्र खूश होत्या. मरीन ड्राइव्हवर आम्ही रात्री उशिरापर्यंत बसलो. तिथल्या आर्ट डेको इमारतींना २०१८ साली जागतिक वारशात जागा मिळाली हे साडूभाऊंनी सांगितलं, खिडक्यांवरचे गोलाकार छज्जे ‘भुवया’ म्हणून दाखवले, आणि त्यांच्यातल्या एका इमारतीत समुद्रासमोरच्या खोलीचा काय भाव असेल यावर बोलू लागले, तेव्हा मेहुणीबाईंनी त्यांच्या हातात कणीस दिलं. तेवढ्यात दादरच्या मावशीचा फोन आला. “कुठं आहेस रे?” साडूभाऊंनी लाटांकडे पाठ केली, फोनवर तळहात धरला आणि म्हणाले, “इथंच गं, भाजी घ्यायला आलोय.”

निघायच्या सकाळी जुन्या जाळीच्या लिफ्टमध्ये आमच्याबरोबर एक गृहस्थ शिरले. हातात मराठी पेपर, मागे बायको आणि दोन बॅगा. साडूभाऊंनी पेपर पाहिला. त्यांनी साडूभाऊंची पिशवी पाहिली, जिच्यावर चितळ्यांचं नाव होतं.

“पुणे?”

“हो. आपण?”

“नाशिक.”

तिसरा मजला गेला. गृहस्थ खाकरले. “खोली कितीला पडली?”

साडूभाऊ लिफ्टच्या छताकडे बघत म्हणाले, “तुम्हाला?”

“नाही, तुम्ही सांगा आधी.”

“नाश्ता धरून?”

“सोडून. टॅक्स धरा.”

“बुकिंग कधीचं?”

“तुमचं कधीचं?”

लिफ्ट खाली टेकली. बायका सामान घेऊन बाहेर पडल्या, लिफ्टमननं जाळी धरून ठेवली. दोघांपैकी एकही उतरेना. मी मध्ये अडकलेला.

“समुद्र दिसतो का तुमच्या खोलीतून?” नाशिककरांनी विचारलं.

“अंशतः.”

“किती टक्के?”