राऊटरवीर

वाघोलीत टँकर कधी येणार आणि केसनंद फाट्यावरची कोंडी कधी सुटणार, हे दोन प्रश्न सोडले तर बाकी सगळ्यांची उत्तरं राऊटरवीराकडे तयार असतात. हा गृहस्थ पस्तिशीचा, खराडीच्या आयटी पार्कात नोकरीला आणि निम्मा आठवडा घरूनच काम करणारा. इंटरनेट कंपनीने जोडणीबरोबर दिलेल्या राऊटरला तो ‘डबा’ म्हणतो. सोसायटीत कुणाकडे चहाला गेला तरी कपाआधी त्याची नजर त्या डब्याच्या दिव्यांवर जाते आणि मग यजमानाची कीव केल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नाही. शंभर एमबीपीएसच्या लायनीसाठी चार कोअरचा प्रोसेसर आणि अडीच गिगाबिटची चार पोर्टं असलेला बोर्ड स्वतःचा राऊटर बनवायला मागवणारा माणूस म्हणून लोक त्याला हसतात, पण ते चुकीच्या जागी हसतात.

डब्याबद्दलचा त्याचा संशय खरा आहे. अशा कित्येक राऊटरांची अपडेट दोन-तीन वर्षांत बंद पडतात आणि पुढे त्यांतली भोकं बुजवायला कुणी येत नाही. लिंक्सिसच्या निळ्या-काळ्या राऊटरचा सोर्स कोड खुला झाला, त्यातून २००४ साली ओपनडब्ल्यूआरटी हे राऊटरांसाठीचं खुलं सॉफ्टवेअर उभं राहिलं आणि जुन्या यंत्रांना नवं आयुष्य मिळालं. हा इतिहास राऊटरवीर पूजेला आलेल्या गुरुजींनाही सांगतो. तिथपर्यंत त्याचं बरोबर आहे. घोळ होतो तो बोर्ड निवडताना. रास्पबेरी पाय ३ बी प्लसवर गिगाबिट लिहिलेलं असतं, पण ते जातं यूएसबी २ वरून, म्हणून वेग तीनशेच्या आसपास अडतो. हे त्याला तोंडपाठ. मात्र त्याच पायवर लिहिणं चालू असताना लाईट गेली तर एसडी कार्ड खराब होऊ शकतं, हे त्याने बोर्डांच्या तुलनेसाठी केलेल्या तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात. वाघोलीत तो रकाना पहिला हवा.

कारण इथे वेग अडतो तो विजेपाशी. जुना डेस्कटॉप राऊटर म्हणून लावला आणि त्याने पन्नास वॅट खाल्ले, तर वर्षाला ४३८ युनिट जातात. दहा वॅटच्या बोर्डाला ८८ पुरतात. पीसी इंजिन्स या स्विस कंपनीचा एपीयू२ बोर्ड बारा व्होल्टवर सहा ते बारा वॅटांत चालायचा. तो बंद झाल्याचं सुतक राऊटरवीर अजून पाळतो, पण शोक प्रोसेसरचा; बारा व्होल्टचा उल्लेखही नाही. बाजारातले छोटे यूपीएस बहुतेक बारा व्होल्टचे, आणि पाच व्होल्टचा पाय त्यांना थेट लावता येत नाही.

‘घरात इन्व्हर्टर आहे की’, असं कुणी म्हणेल. आहे, पण त्याच्या अदलाबदलीत क्षणभर उघडझाप होते. तेवढ्यात राऊटर पुन्हा सुरू व्हायला लागतो, बॉससमोरचा चेहरा गोठतो आणि आतून हाक येते, “अहो, तुमचं ते नवीन मशीन परत गेलं वाटतं!” शिवाय केबल गच्चीवरच्या स्विचमधून येत असेल तर तिथली वीज गेल्यावर घरातला कुठलाही बोर्ड निरुपयोगीच. फायबरच्या वाटेत मात्र बहुधा विजेवर चालणारं काही नसतं.

तेव्हा वाघोलीकरांनो, बोर्ड मागवण्याआधी त्याच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा, आणि यूपीएस घ्याल तेव्हा फायबरच्या डब्यालाही त्यावर जागा ठेवा.