रुसला नाही, तापला

आयुधपूजेच्या आदल्या दिवशी चेन्नईतल्या अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत एक चक्कर मारावी. 1960च्या दशकात वसलेल्या या वसाहतीच्या गल्ल्यांत एरवी लेथ, प्रेस आणि ग्राइंडिंगचा आवाज दिवसभर थांबत नाही. त्या दिवशी मात्र एकेका शटरमागचा आवाज बंद होत जातो. लेथच्या खाचाखोचांत वर्षभर साचलेला लोखंडाचा कीस ब्रशने काढतात, रॉकेलच्या फडक्याने काळं वंगण पुसतात आणि नवं तेल सोडतात. मग चंदन, कुंकू, झेंडूचे हार, दाराला केळीचे खांब, प्रसादाला चुरमुरे-फुटाणे. नवमीला त्या यंत्राला कामासाठी कुणी हात लावत नाही. आपली खंडेनवमी ती हीच.

‘मशीनलाही जीव असतो हो, तिलाही वाटतं,’ असं ही पूजा बघून अनेक जण हळवेपणाने म्हणतात. मला ते मान्य नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपण बैलाचे खांदे तूप-हळदीने चोळतो, कारण जू घासून तो खांदा खरोखरच दुखलेला असतो. लेथला खांदा आहे, दुखणं नाही. यंत्राला भावना नसतात, मर्यादा असतात. या दोन शब्दांची आपण गल्लत करतो आणि ती गल्लत महागात पडते.

माझ्याच ओट्यावरची गोष्ट सांगते. सणासाठी वाटण करत होते. सुकं खोबरं, मिरच्या, धणे, पाणी अगदी बेताचं. घाई होती, म्हणून भांडं गच्च भरलं आणि मिक्सर न थांबता चालवला. आधी त्याचा आवाज जड झाला, मग करपल्यासारखा वास आला आणि मग तो गप्प. शेजारच्या अक्का डोकावून म्हणाल्या, ‘मिक्सीक्कु कोवम!’ मिक्सरला राग आलाय. मीही त्याला थोपटलं, दोनदा बटण फिरवलं, ‘रुसला’ म्हणून सोडून दिलं.

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्या अण्णांनी मिक्सर हातात घेतला, नाकाशी नेला आणि उलटा केला. तळाशी एक छोटं लाल बटण असतं. मोटरवर झेपेना इतका भार आला, की ते आपोआप उडतं आणि वीज तोडते. मोटर गार झाली की ते दाबायचं, बस्स. त्यांनी ते दाबलं, भांड्याखालचा झिजलेला कपलर बदलला आणि दात गेलेला जुना कपलर माझ्या तळहातावर ठेवला. ‘अम्मा, हा आधी तुटतो म्हणून मोटर वाचते.’ कुणीतरी विचार करून तो कपलर मोटरपेक्षा कच्चा ठेवलेला आहे. स्वतः तुटून मोटर वाचवणं हेच त्याचं काम.

तेव्हा कळलं की मिक्सर मला तीनदा सांगत होता. आवाजाने, वासाने आणि शेवटी थांबून. यांतल्या एकाही खुणेत राग नव्हता, तिन्ही खुणा खऱ्या होत्या. ‘रुसला’ म्हणणारा मनधरणी करत बसतो, ‘तापला’ म्हणणारा बटण बंद करतो.

आपल्या मिक्सरचा जन्मच मुळी अशा खुणेतून झाला. 1960च्या दशकात मुंबईचे इंजिनिअर सत्यप्रकाश माथूर यांच्या घरातला जर्मन मिक्सर आपल्याकडच्या वाटणापुढे टिकला नाही. भिजवलेली डाळ आणि सुकी हळद त्या मोटरच्या हिशेबातच नव्हती. माथूरांनी आपल्या पाट्या-वरवंट्याचं काम झेपेल अशी दणकट मोटर घेऊन ‘सुमीत’ उभा केला. बंद पडलेल्या यंत्राला नाजूक किंवा नखरेल ठरवून ते थांबले असते, तर आपल्या आया आणखी किती वर्षं पाट्यावर वाकल्या असत्या! याच तमिळनाडूत 2011 साली सरकारने रेशनकार्डावर घरोघरी मिक्सर, ग्राइंडर आणि पंखा फुकट वाटायला घेतला. एका साध्या मोटरमध्ये बाईच्या मनगटाची केवढी सुटका असते, हे ज्याने डाळ वाटली आहे त्याला विचारावं.

आता घरात बोलणारी यंत्रं आली आहेत. ती गोड आवाजात ‘सॉरी’ म्हणतात, ‘तुमची आठवण आली’ म्हणतात. हे नवं नाही. 1966 साली अमेरिकेत जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा संगणक-प्रोग्राम जगापुढे मांडला. माणूस जे लिहील तेच थोडं उलटवून प्रश्न म्हणून परत टाकायचं, एवढीच त्याची करामत. वायझेनबाउम यांची सेक्रेटरी हा प्रोग्राम तयार होताना महिनोन्‌महिने बघत होती. तरी त्याच्याशी बोलायला बसल्यावर तिने त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. शब्द मायेचे असले की माणूस विरघळतो. म्हणून मला यंत्राच्या शब्दांपेक्षा यंत्राच्या वासावर जास्त भरवसा आहे. जळक्या वासाला विकायचं काही नसतं.

मग यंत्रावर जीव लावूच नये का? जरूर लावावा. जपानमध्ये ‘आयबो’ नावाचा यंत्रकुत्रा 1999 साली बाजारात आला, 2006 साली त्याचं उत्पादन थांबलं आणि 2014 साली कंपनीने दुरुस्तीही बंद केली. पुढच्या वर्षापासून चिबा प्रांतातल्या कोफुकुजी मंदिरात या कुत्र्यांसाठी धूप लावून प्रार्थना होऊ लागल्या. याचं अनेकांना हसू येतं. मला मात्र त्यानंतरचं काम महत्त्वाचं वाटतं. प्रार्थना झाली की कारागीर त्या कुत्र्यांचे चालू भाग काढून घेत आणि दुसऱ्या घरातल्या बंद पडलेल्या आयबोला बसवत. या मायेच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता.

आपली माया तिथवर जात नाही. ‘बिचारा थकला’ म्हणतो आणि भंगारात देतो. वस्तू दुरुस्त करून घेण्याचा ग्राहकाला हक्क असावा, सुटे भाग आणि माहिती मिळावी, म्हणून केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. पण हा हक्क वापरायचा तर आधी वस्तू उलटी करून बघायची सवय लागते. ती सवय अंबत्तूरच्या शेडमध्ये आहे, आपल्या स्वयंपाकघरात नाही.

यंदा नवमीला मी मिक्सरला कुंकू लावण्याआधी त्याचा प्लग काढणार आहे. तळाच्या जाळीत अडकलेलं पीठ जुन्या टूथब्रशने काढणार, कपलरच्या दातांवरून बोट फिरवणार, वायर कुठे चिरली आहे का बघणार. मग कुंकवाचं एक बोट. त्या दिवशी वाटण होणार नाही. घरच्यांना चटणी हवीच असेल, तर वरवंटा आहे आणि माझे हात आहेत. त्या हातांना मात्र भावना आहेत, त्यामुळे वाटायला आणखी कोण बसतंय तेही त्याच दिवशी कळेल.