सिम कापणाऱ्या गावाहून

प्रति,
माननीय अध्यक्ष व सर्व सभासद,
सिम कार्डाचा आकार ठरविणारी समिती,
युरोपीय दूरसंचार मानक संस्था,
सोफिया अँटिपोलिस, फ्रान्स.

विषय : आजवर कमी केलेल्या प्लास्टिकबद्दल आभार, आणि उरलेलं कमी न करण्याबद्दल विनंती.

महोदय,



मी दिंद्रुडचा. तालुका माजलगाव, जिल्हा बीड. तेलगावहून सिरसाळ्याकडे निघालात की वाटेत आमचं गाव लागतं. आम्ही तुम्हाला कशाला पत्र लिहावं, असं वाटेल. कारण एवढंच, की तुम्ही फ्रान्समध्ये बसून जे मिलिमीटर कमी करता, ते प्रत्यक्षात आमच्या स्टँडवर कापले जातात. कागद तुमचा, कात्री आमची. इतकी वर्षं सोबत काम करून ओळख नसावी, हे बरं दिसत नाही.

तुमच्या कामाचा झपाटा मात्र मानला. १९९१ मध्ये म्युनिचच्या एका कंपनीने फिनलंडच्या रेडिओलिंजा कंपनीला पहिली ३०० सिम कार्डं विकली, तेव्हा सिम म्हणजे एटीएम कार्डाएवढा ऐवज होता. मग ते २५ गुणिले १५ मिलिमीटर झालं. आमच्याकडे मोबाइल आला तो याच मापाचं सिम घेऊन, आणि यालाच आम्ही आजही ‘मोठं सिम’ म्हणतो. त्यानंतर १५ गुणिले १२ चं मायक्रो सिम आलं, आणि २०१२ मध्ये १२.३ गुणिले ८.८. शेवटच्या खेपेला तुम्ही जाडीसुद्धा सोडली नाही, ०.७६ मिलिमीटरची ०.६७ केली. हे ०.०९ मिलिमीटर नक्की कुणाच्या खिशात सलत होते, ते एकदा कळवावं. आमच्या पोरांनी ते पॉलिश पेपरवर घासून काढले आहेत. बोटांचे ठसे झिजले आणि मग आधारच्या यंत्राने अंगठा ओळखला नाही, पण त्याचं खापर तुमच्यावर फोडणार नाही. त्यात ऊसतोडीचाही वाटा आहे.

या शेवटच्या मापासाठी तुमच्यात जुंपली होती, असंही कळलं. एका बाजूला ॲपल, दुसऱ्या बाजूला नोकिया, मोटोरोला आणि ब्लॅकबेरीवाले. नोकियाने तर पेटंट देणार नाही म्हणून धमकावलं. शेवटी जूनच्या आरंभी ओसाकाच्या बैठकीत निकाल लागला. नवं कार्ड जुन्या खाचेत आडवं घुसून अडकू नये, हाही त्या भांडणातला एक मुद्दा होता म्हणे. वाचून ऊर भरून आला. कारण अडकायचं ते पुढे अडकलंच, पण तुमच्या फोनमध्ये नव्हे, आमच्या.

ते कसं, ते सांगतो, पण आधी आम्ही कापतो कसं ते ऐका, म्हणजे पुढच्या बैठकीत कामाला येईल. स्टँडवरच्या मोबाइल दुकानात सिम कटर असतो. दिसायला स्टेपलरसारखा. सिम आत सरकवायचं, दाबायचं, खट. दुकानदार दाबण्याआधी एवढंच म्हणतो, “मामा, गेलं तर माझ्या नावानं बोंब मारायची न्हाई.” तुमच्या साऱ्या कागदपत्रांत इतकं स्वच्छ जबाबदारीचं कलम शोधून सापडणार नाही. कटर बिघडलेला असला तर कात्री, नेलकटर, काय असेल ते. आधी एखादं नवं छोटं सिम वर ठेवून पेनाने रेघ मारायची आणि रेघेबाहेरचं उडवायचं. सोनेरी पत्र्याची कडा थोडी कातरली गेली तरी सहसा चालतं, कारण खरी चिप त्या पत्र्याखाली मधोमध एवढीशी असते आणि बाकी सगळं नुसतं धरायला. पत्र्याचे ते सोनेरी चौकोनही ठरलेल्या कामाचे : एक वीज घेतो, एक घड्याळ चालवतो, एकातून बोलणं होतं. त्यांची जागा तुम्ही तीनही मापांत एकमेकांशी जुळती ठेवलीत, म्हणून कात्रीला वाट सापडली. हे उपकार आम्ही विसरलेलो नाही.

चुकून चिपेला धार लागली, तर मात्र गावभर सुतक. तुम्हाला वाटेल, नंबर तर तोच परत मिळतो. मिळतो. पण जुन्या माणसांची नावं फोनमध्ये नसतात, सिममध्ये असतात. मुकादम, मुकादमाचा भाऊ, ट्रॅक्टरवाला, व्याही, सोनोग्राफीचा दवाखाना. नवं सिम येतं ते कोरं. शिवाय आमच्या सरकारने २०२२ मध्ये ठरवलं, की सिम बदललं की चोवीस तास एसएमएस बंद. फसवणूक थांबावी म्हणून; हेतू चांगला आहे. पण ओटीपी एसएमएसनेच येतो, आणि पीकविम्याची मुदत आजच संपत असते. हा योगायोग कुठल्या समितीने ठरवला, तेवढं तपासून पाहावं.

आता उलट्या दिशेचं. दिवाळी झाली की आमच्या भागातली निम्मी घरं कुलूपबंद होतात. माणसं टोळीने सांगली-कोल्हापूरला जातात, काही पार बेळगावकडे, ऊस तोडायला. फडाशेजारी कोपीत मुक्काम. कोपीला वीज कुठली? मोठ्या पडद्याचा फोन तिथे संध्याकाळपर्यंतही तग धरत नाही. म्हणून निघताना सिम काढून बटणाच्या फोनमध्ये घालतात, तो तीन-चार दिवस निघतो. बटणाच्या फोनची खाच असते ‘मोठ्या सिम’ची. म्हणजे दसऱ्याला कापलेलं सिम दिवाळीला पुन्हा वाढवायचं! त्यासाठी प्लास्टिकची चौकट मिळते, तिला दुकानदार अडॅप्टर म्हणतो. शहाणी माणसं सिम कापून घेतल्यावर उरलेली कडाच काडेपेटीत जपून ठेवतात आणि वेळेला चिकटपट्टीने परत बसवतात. ज्यांनी रिकामी चौकट खाचेत घालून ओढली, त्यांच्या फोनच्या आतल्या पिना चौकटीत अडकून उपटून आल्या. ओसाकातली अडकण्याची भीती आमच्याकडे खरी ठरली ती अशी.

आणि हायब्रिड खाचेबद्दल तर कुणीतरी आमचं जाहीर अभिनंदन करायला हवं. एका खाचेत एक तर दुसरं सिम घाला नाही तर मेमरी कार्ड, असं फोन कंपनी म्हणाली. आमची पोरं म्हणाली, दोन्ही. सिम गरम करून त्याचा सोनेरी पापुद्रा प्लास्टिकपासून सोडवायचा आणि मेमरी कार्डाच्या पाठीवर माप धरून चिकटवायचा. एकाच खाचेत दुसरा नंबरही आणि चारशे गाणीही. तुमच्या समितीला जाडी कमी करायला जितकी वर्षं लागली, तेवढ्यात आमच्याकडे अख्खं प्लास्टिकच काढून टाकलं गेलं होतं. फरक इतकाच, की आम्ही त्याला मानक म्हणालो नाही.

आता खरं काम. ऐकतो, की पुढचं सिम दिसणारच नाही. आधी ६ गुणिले ५ मिलिमीटरची चिप फोनच्या पाटावरच झाळून टाकली, आता नंबर हवेतून उतरवायचा, त्याला ई-सिम म्हणायचं. अमेरिकेत २०२२ पासून आयफोनला सिमची खाच नाही. २०२५ चा आयफोन एअर तर जगात कुठेही खाचेविना. दिंद्रुडला आयफोन एअर किती आले, हे विचारून मला लाजवू नका. पण मायक्रो सिमही आधी ॲपलच्याच फोनमध्ये आलं होतं आणि मग आमच्या स्टँडवर.

ई-सिम सुरक्षित आहे, चोराला काढून फेकता येत नाही, हे मान्य. पण आमच्याकडे सिम काढणारे सगळे चोर नसतात. फडात फोन मोरीच्या पाण्यात पडला, तर बाई सिम काढून पदराला पुसते आणि शेजारच्या कोपीतल्या फोनमध्ये घालते. दोन मिनिटांत गावाकडच्या म्हाताऱ्या सासूला तिचा आवाज तिच्याच नंबरवरून ऐकू जातो. त्यासाठी तिला इंटरनेट लागत नाही, क्यूआर कोड लागत नाही, कुणाला ईमेल आयडी सांगावा लागत नाही. कार्डातली गुप्त किल्ली कार्डाबाहेर कधीच येत नाही; टॉवर एक आकडा फेकतो, कार्ड आतल्या आत हिशोब करून उत्तर देतं आणि ओळख पटते. फोन कुणाचा, हा प्रश्नच नाही. हे तुमचंच डोकं, आणि सांगतो, तुम्ही केलेल्यातलं हे सगळ्यात भारी काम आहे. माप कुठलंही असो, नंबर माणसाच्या चिमटीत राहत होता.

तेव्हा विनंती अशी, की आणखी लहान करायचं तर करा, आमच्या कात्रीला धार आहे. फक्त बोटाला लागेल एवढं तरी काहीतरी राहू द्या. आणि ज्या बैठकीत हे ठरेल तिला एक माणूस आमच्या स्टँडवरचा बोलवा. तो कटर स्वतःचा घेऊन येईल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक सिमधारक, मु. पो. दिंद्रुड

ता. क. : उत्तर टपालाने पाठवावे. एसएमएस करू नये. सिम कालच बदललं आहे, चोवीस तास व्हायचे आहेत. तेवढ्या वेळात तरी आकार बदलू नये.