बॉनेट उघडलं की

जुनी मोटार बाळगणाऱ्या माणसाला रविवारी सकाळी ‘कुठे निघालात?’ असं विचारू नये. तो कुठेच निघालेला नसतो. त्याने फक्त गाडी काढलेली असते. ती परत आपल्या जागेवर येऊन लागली की दिवस सत्कारणी लागला. मध्ये कुठे मिसळ झाली, एखाद्या देवाला हात जोडून झाले, समुद्र दिसला, तर तो वरकड नफा.

अशा माणसांचे क्लब असतात. मुंबईतला थोरला म्हणजे व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया. त्यांच्या गाड्या फोर्टात हॉर्निमन सर्कलपाशी ओळीने उभ्या राहिल्या की आजूबाजूच्या दगडी इमारतींनाही बरं वाटत असावं, आपल्या वयाचं कुणीतरी आलं म्हणून. रोल्स-रॉइस, पॅकार्ड, ब्यूक. पितळी दिवे, लाकडी दांड्यांची चाकं, कुठल्याशा संस्थानिकाच्या मोटारखान्यातून निघालेली एखादी अजस्र गाडी. मालक कॅप घालून बाजूला उभे. चेहऱ्यावर ‘बघा, बघा’ आणि तोंडात ‘हात लावू नका’, हे दोन्ही एकाच वेळी जमवणं सोपं नाही; पण ही मंडळी ते सफाईने करतात.

आमच्या लालबाग, परळ, रे रोडकडच्या मंडळींचा गोतावळा याच्या बराच खालच्या पायरीवरचा. त्याला नाव नाही, घटना नाही, वर्गणी नाही. मोबाइलवर एक ग्रुप आहे आणि त्यावर सकाळी सुविचार टाकायला बंदी आहे, एवढीच नियमावली. गाड्या म्हणाल तर बहुतेक प्रीमियर पद्मिनी, त्याआधीच्या एकदोन फियाट डिलाइट (त्यातली एक आमच्या नानांची), एक अँबेसडर (तिला सगळे आत्याबाई म्हणतात) आणि एक डुक्कर फियाट. ही शेवटची येते कमी, तिची चौकशीच जास्त होते. तिच्या तब्येतीचं रविवारी सकाळी निवेदन होतं, सगळे गंभीर होतात आणि चहा मागवला जातो. माझ्याकडे गाडी नाही. मी धक्का द्यायला जातो. ज्यांना हे पद किरकोळ वाटतं त्यांनी आमच्याबरोबर एकदा यावं.

गिरगावातल्या एक ताई आहेत, बँकेतून निवृत्त झालेल्या. वडिलांची डिलाइट त्या स्वतः चालवतात. काळ्या पाटीवर पांढरे आकडे, स्टीअरिंगला चिकटलेला गिअरचा दांडा, आणि पुढच्या दारातली ती छोटी तिकोनी काच. ही काच जराशी तिरकी केली की सगळं वारं थेट गळ्याशी येतं. एसीवाल्यांना ते सुख कळायचं नाही. ताईंच्या डिकीत स्टेपनीशेजारी एक वळकटी असते. त्यात पॉलिश पेपर, दोन जादा प्लग, फॅन बेल्ट, जुनं धोतर फाडून केलेली फडकी आणि पाण्याची बाटली. पॉइंट साफ करायला त्या कुणाची वाट पाहत नाहीत. बाकीचे पुरुष तेव्हा कमरेवर हात ठेवून सल्ले देतात.

वहिनी मंडळींचा अनुभव त्याहून दांडगा. चौघं गाडीत असली तरी त्या थालीपीठं आठजणांची करून घेतात. वाटेत कुठेतरी थांबावं लागणार आणि तिथे माणसं गोळा होणार, हे त्यांना आधीच ठाऊक असतं. मला यातच या सगळ्या खटाटोपाचं मर्म दिसतं. नवी गाडी तुम्हाला घरापासून लोणावळ्यापर्यंत नेते आणि त्या सबंध वाटेत तुम्ही कुणाशी एक अक्षर बोलत नाही. बोललात तर टोलनाक्यावर, तेही फास्टॅगने बंद पाडलं. जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं की पाच मिनिटांत तीन माणसं वाकून आत बघू लागतात. त्यातल्या एकाच्या मामाकडे हीच गाडी होती, दुसऱ्याच्या बापाने हीच टॅक्सी चालवली, आणि तिसऱ्याला यातलं काही कळत नाही, म्हणून तोच जास्त बोलतो. आमचा क्लब चालत्या गाड्यांचा कमी आणि थांबलेल्या गाड्यांचा जास्त आहे.

वर्षातून एकदा बोरघाट होतोच. द्रुतगती मार्गाच्या वाटेला आम्ही जात नाही. जुन्या रस्त्याने खोपोलीला वडापाव, मग चढण. चढणीवर पद्मिनीला एक जुनं दुखणं आहे. इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, वाफ पुढे सरकत नाही, पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोचत नाही, आणि गाडी दोन आचके देऊन गप्प. इलाज म्हणजे ओलं फडकं. ते पंपावर गुंडाळायचं, चर्र आवाज ऐकायचा आणि वाट बघायची.

‘नाना, पंप तापलाय.’

‘पंप कसला तापतोय? तूच तापलायस. बस त्या कठड्यावर पाच मिनिटं.’

पाच मिनिटांची पंचवीस होतात. तेवढ्यात डबे उघडतात. पुढे शिंग्रोबाचं देऊळ येतं. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा हा धनगर, आणि आख्यायिका अशी की वाट दाखवल्याचं बक्षीस म्हणून त्याला बंदुकीची गोळी मिळाली. ड्रायव्हर लोक इथे नाणं टाकून पुढे जातात. आमच्यातले दोन कट्टर नास्तिकही टाकतात. एकाने खुलासा केला होता, ‘माझा विश्वास नाही, पण गाडी सासऱ्यांची आहे.’

जगात सगळीकडे हा प्रकार असाच चालतो. लंडनहून ब्रायटनला नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारी १९०५च्या आधी बनलेल्या गाड्या पहाटे निघतात. मूळची दौड १८९६ची; मोटारींची वेगमर्यादा ताशी १४ मैलांपर्यंत वाढवून मिळाली, त्या आनंदात काढलेली. आमच्या शिवडीहून निघणाऱ्या अटल सेतूवर संथ वाहनांना मज्जाव आहे. आमच्यातलं संथ कोण, यावर ग्रुपात अजून एकमत झालेलं नाही.

आपल्या सरकारनेही २०२१ साली नियम केला. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, सांगाडा, बॉडी, इंजिन मूळचंच असलेली गाडी व्हिंटेज. तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, नोंदणीचे २० हजार रुपये, मुदत दहा वर्षांची, पुढच्या खेपेला ५ हजार. ही गाडी रोजच्या वापराला काढायची नाही आणि धंद्याला तर नाहीच. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतंच तिने रस्त्यावर यायचं. नियम लिहिणाऱ्याने आमच्या नानांवर महिनाभर पाळत ठेवली असावी. त्यांची डिलाइट गेली कित्येक वर्षं बहुतेक याच कामांसाठी बाहेर पडते, आणि त्यातही रॅलीचा क्रमांक शेवटचा.

पद्मिनी हे नाव गाडीला १९७४ साली लागलं, म्हणजे त्या पहिल्या खेपेतल्या गाड्या २०२४ मध्ये पन्नाशीला पोचल्या. १९९२च्या पद्मिनीचं मात्र अवघड आहे. व्हिंटेज म्हणावी तर वय कमी, नवी म्हणावी तर हसू येईल. बढतीही नाही आणि पेन्शनही नाही, अशा कारकुनासारखी ती दर पाच वर्षांनी आरटीओत फिटनेसला उभी राहते, वर पर्यावरण कर भरते. आमच्यातल्या बहुतेक गाड्या याच गटातल्या.

तशात टॅक्स्या गेल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली होती. टॅक्सीचं आयुष्य २० वर्षांचं, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यावर काळी-पिवळी पद्मिनी उरली नाही. त्याच्या दीडेक महिना आधी बेस्टची डिझेलवरची डबलडेकर गेली होती, त्यामुळे त्या दिवाळीला सगळ्या वर्तमानपत्रांत हळहळ एकदमच छापून आली. आमचं दुःख जास्त व्यवहारी होतं. टॅक्स्या होत्या तोवर पद्मिनीचा वाटेल तो भाग कोपऱ्याकोपऱ्यावर मिळायचा. आता ऑपेरा हाउसच्या पार्टवाल्यांकडे जा, चोरबाजार पालथा घाला, कुर्ल्याच्या भंगारात हात काळे करा. तिथेही नाही मिळालं, तर मग रे रोड.

रे रोडला कुणी फिरायला येत नाही. मुंबईचा १८८५ ते १८९०चा गव्हर्नर लॉर्ड रे याचं नाव स्टेशनाने धरून ठेवलंय. रस्त्याला आता बॅरिस्टर नाथ पैंचं नाव आहे. पूर्वेला उतरलं की ट्रक, लोखंडाच्या पट्ट्या आणि गॅस कटरचा वास. पलीकडे दारूखाना, लकडी बंदर, कौला बंदर. दारूखान्यात बोटी तोडतात. १९७१च्या युद्धातली विक्रांत ही विमानवाहू नौकादेखील इथेच तुटली, आणि तिच्या लोखंडातून २०१६ साली बजाजने मोटारसायकल काढली. ज्या वस्तीत एवढ्या थोरामोठ्यांचं होतं, तिथे फियाटची काय कथा!

नानांच्या गाडीचं स्टीअरिंग डावीकडे ओढत होतं. किंगपिनचे बुश गेले होते आणि बाजारात मापाचे मिळेनात. तेव्हा आम्ही रे रोडच्या एका लेथवाल्या चाचांकडे गेलो. चाचांनी जुना बुश बोटाने फिरवून पाहिला, कॅलिपर लावला, भिंतीवर खडूने दोन आकडे लिहिले. मग पायाशी पडलेल्या ढिगातून बोटीच्या एका व्हॉल्व्हचा गनमेटलचा तुकडा काढला, हिरवट डागांचा. लेथवर चढवला. आधी वरचं हिरवं उडालं, मग पिवळाधमक कीस गोल वळत खाली पडू लागला. चाचा मध्येच लेथ थांबवत, किंगपिन सरकवून बघत, मान हलवत आणि पुन्हा एक हलका हात मारत. शेवटी पिन आत शिरली ती आपल्या वजनाने, सावकाश, मधल्या हवेला वाट देत. नाना अर्धा तास एक शब्द बोलले नव्हते. हा आमच्यात विक्रम आहे. पैसे विचारले तेव्हा चाचा म्हणाले, ‘पयले गाडी चलाव, बाद में बोलो.’ कुठल्या देशाच्या बोटीचा व्हॉल्व्ह होता कोण जाणे. आता तो नानांबरोबर दादरला भाजी आणायला जातो.

आणि रे रोडवर हे व्हावं, हे मुळीच आश्चर्याचं नाही. हार्बर लाइनचा नकाशा काढून बघा. डॉकयार्ड रोडला उतरलं की माझगाव. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत महिंद्रांनी विलीज जीप जोडायला घेतली ती तिथे. रे रोड, कॉटन ग्रीन सोडून पुढची शिवडी. तिथे १९२८ साली जनरल मोटर्सने कारखाना घातला. भाग बोटीने खोक्यांतून यायचे आणि इथे शेवरोले उभी राहायची. नुसतं जोडकाम नको, गाडी इथेच बनवायची असेल तर राहा, असं सरकारने ठरवल्यावर १९५४मध्ये ते गाशा गुंडाळून गेले. आणखी पुढे कुर्ला. १९४४ साली वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचं गाव. आधी डॉज, मग फियाट, मग पद्मिनी. भारतातली पहिली विजेची लोकलसुद्धा ३ फेब्रुवारी १९२५ला व्हीटीहून कुर्ल्याला याच मार्गाने गेली. हार्बरचा माणूस उशिराच्या गाडीसाठीच प्रसिद्ध झाला, हा शुद्ध अन्याय आहे.

हे सगळं असूनही रॅल्या निघतात त्या मरीन ड्राइव्हच्या बाजूने. मान्य आहे, फोटो चांगले येतात. पॅकार्डच्या मागे अरबी समुद्र शोभतो, भंगाराची वखार शोभत नाही. पण त्या ओळीतल्या एखाद्या शेवरोलेचा जन्म शिवडीचा असेल, आणि तिला उभ्या जन्मात पुन्हा कुणी शिवडीला नेलेलं नसेल. माहेरी न्यायला हरकत काय? २०२५च्या मे महिन्यात रे रोडला केबलांचा नवा पूलही झालाय. जुना १९१०चा होता, ही लाइन कुर्ल्याहून निघून रे रोडलाच संपायची तेव्हाचा. नव्या पुलावर फोटोची सोय उत्तम आहे. ज्यांना त्याचीच काळजी, त्यांच्यासाठी सांगून ठेवतो.

तेव्हा मोठ्या क्लबांच्या संयोजकांना आमची विनंती अशी. पुढच्या रॅलीला हॉर्निमन सर्कलहून डाव्या हाताला समुद्र शोधू नका. पी. डिमेलो रोड धरा, माझगाव, रे रोड, कॉटन ग्रीन करत शिवडीपर्यंत या. रविवारी सकाळी इकडे ट्रक उभे असतात, धावत नाहीत. चहा आमच्याकडून, रेडिएटरला पाणी आमच्याकडून, थालीपीठं वहिनींनी कबूल केली आहेत. चाचा एरवी रविवारी लेथ बंद ठेवतात, त्या दिवशी उघडतील. आणि धक्का द्यायला आम्ही दहाबाराजण सातपासून पुलाच्या पायथ्याशी उभे राहू. मालकांनी फक्त हँडब्रेक सोडून ठेवावा.