ब्राह्मी आणि बीजगणिताचा पेपर

"अगं, ऐकलंस का? समोरच्यांच्या मुलाला काल बीजगणिताच्या पेपरात दोनदा बाहेर जावं लागलं!"

वाळत घातलेले पापड तसेच सोडून काकू कुंपणापाशी आल्या, तेव्हाच ओळखलं की बातमी ताजी आहे.

"का हो? कॉपी सापडली?"

"छे! पोट बिघडलं. आठ दिवस झाले, रोज सकाळी अनशापोटी ब्राह्मीचं चूर्ण चाललं होतं. पुडीवर अर्धा चमचा लिहिलेलं, पण माउलीने घातले दोन. मार्क वाढायला नकोत का!"

"मग दुसरं काय होणार काकू? ब्राह्मीने मळमळतं, ढाळ होतात. जेवणानंतर घ्यावी. दुकानात घसा कोरडा करून सांगते मी."

फार्मसी शिकून मेडिकलच्या काउंटरला उभी राहते, म्हणून गल्लीत मला अर्धी डॉक्टर समजतात. उरलेली अर्धी काकू.

"पण बुद्धी वाढते ना तिने? सासूबाई आमच्या टाळूवर ब्राह्मीचं तेल थापायच्या."

"तेलाचं सोडा. तपासलाय तो पोटात घ्यायचा अर्क. ऑस्ट्रेलियात ७६ जणांवर प्रयोग झाला, चाळिशी ते पासष्टीतले सगळे. काहींना ब्राह्मी, काहींना तशीच दिसणारी खोटी गोळी, आणि कोणाला काय मिळालं ते त्यांनाच ठाऊक नाही. २००२ मध्ये छापून आलं. शिकण्याचा वेग कुणाचाच वाढला नाही. ब्राह्मीवाल्यांचं शिकलेलं विसरणं मात्र कमी झालं."

"म्हणजे विसरायला आधी पाठ केलेलं पाहिजे!"

"तेच तर! आणि तेही तीन महिने नेमाने घेतल्यावर. एकदाच ३०० मिलिग्रॅम देऊन दोन तासांनी तपासलं, तर काडीचा फरक नाही. परीक्षा तोंडावर आल्यावर चालू करून काय मिळणार?"

काकूंनी मान डोलावली, पण हार मानतील तर त्या काकू कसल्या! "आमची ब्राह्मी घरची आहे, बिनभेसळ," म्हणत कुंडीच उचलून कठड्यावर ठेवली. गोलसर, दातेरी कडांची पानं, लांब देठ, जमिनीलगत पसरणारा वेल.

"काकू, ही मंडूकपर्णी. कोकणात कारिवणा म्हणतात ती. ज्या ब्राह्मीवर हे प्रयोग झाले, तिचं पान एवढंसं, जाडसर, गुळगुळीत, देठ जवळजवळ नाहीच. ओलसर, पाणथळ जागी वाढते, फूल पांढरट जांभळं. बाजारात दोन्ही ब्राह्मी म्हणूनच विकतात."

"म्हणजे मी फसले?"

"तसंही नाही. चरकसंहितेत चार मेध्य रसायनं सांगितलीत: मंडूकपर्णीचा रस, ज्येष्ठमधाचं चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. त्यात पहिली तुमचीच."

"बघ! चरकाचीच लावलीय मी!" काकूंचा चेहरा असा खुलला की पुढचं बोलायला जीव होईना. पण बोलले. चरकाने नाव घेतलं म्हणून ऑस्ट्रेलियातले आकडे हिच्या खात्यात जमा होत नाहीत. वनस्पती वेगळी, तिचा हिशोबही वेगळाच मांडायला हवा.

"बरं, आमच्या ह्यांना देऊ का ती खरी ब्राह्मी? चष्मा कपाळावर आणि शोध घरभर!"

"पासष्टीच्या पुढच्यांवरही अमेरिकेत प्रयोग झालाय. २००८ मध्ये छापलेला, बारा आठवड्यांचा, रोज ३०० मिलिग्रॅम अर्क. ऐकलेले शब्द थोड्या वेळाने आठवून सांगण्यात ब्राह्मीवाले पुढे होते. पण माणसं पन्नासच्या आसपास. तेवढ्यावर छातीठोक कोण सांगणार? चष्मा सापडेल याची हमी तर नाहीच."

"मग आणतेसच का एक डबी?"

"काकांच्या थायरॉईडच्या गोळ्या आमच्याच दुकानातून जातात, काकू. त्या चालू असताना ब्राह्मी चालेल का, ते आधी डॉक्टरांना विचारा, त्याशिवाय मी डबी देणार नाही."