येळवस आणि लाल फुली

नांदेडात घरून काम करणाऱ्या एका प्रोग्रामरचे मामा औशाजवळच्या खेड्यात राहतात. घरात सोयाबीनची पोती आणि डोक्यात एकच प्रश्न : आज लातूरला सौदा किती निघाला? रोज संध्याकाळी ते भाच्याला फोन करून हेच विचारत. भाच्याजवळ कॉम्प्युटर आहे, म्हणजे त्याला माहीत असणारच, हा त्यांचा साधा हिशेब. भाचा शोधून सांगायचा, दोन मिनिटं जायची. ही दोन मिनिटं वाचवायला त्यानं पुढचा अख्खा महिना घातला. या धंद्यात याला कार्यक्षमता म्हणतात.

बेत तसा बरा होता. 'गिटहब ॲक्शन्स' ही २०१९पासून सर्वांना खुली झालेली सोय. आपण एक फाईल लिहून ठेवायची. ठरल्या वेळी दूरचं एक यंत्र जागं होतं, आकडे आणतं, आपल्या रिपॉझिटरीत नवी ओळ कमिट करतं आणि निजतं. अमेरिकेतल्या सायमन विलिसन यांनी २०२०मध्ये या उद्योगाला 'गिट स्क्रेपिंग' असं नाव दिलं. त्यांचं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या वणव्यांचं होतं, भाच्याचं सोयाबीनचं. ज्याचं जळतं त्याला कळतं.

फाईल यॅमल भाषेतली. तिला ओळीच्या सुरुवातीला स्पेस चालते, टॅब चालत नाही. पहिली संध्याकाळ त्यातच गेली. ती सांगण्यासारखी नाही.

मग घड्याळ. भाव साडेपाचला हवा म्हणून भाच्यानं क्रॉनमध्ये, म्हणजे वेळ ठरवणाऱ्या ओळीत, '३० १७' (आधी मिनिटं, मग तास) लिहिलं आणि यंत्र रात्री अकराला उठलं. मामा नऊला झोपतात. यंत्राचं घड्याळ यूटीसीचं, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागं. भारतानं १९०६मध्ये साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावरची वेळ धरली, तेव्हापासून हा अर्धा तास आपल्याला चिकटलेला आहे आणि प्रोग्रामर मंडळींना तो दर वेळी नव्यानं भेटतो. भाच्यानं बोटं मोजून '० १२' केलं. आता यंत्र उठू लागलं, पण कधी दहा मिनिटं उशिरा, कधी वीस. माहितीपुस्तिकेत स्वच्छ लिहिलेलं होतं की तासाच्या ठोक्याला जगभरातले लोक आपापली कामं लावतात, गर्दी होते, तेव्हा वेळ जरा आडबाजूची निवडा. पुस्तिका शेवटी वाचायची असते. त्यानं बारा वाजून सात मिनिटं धरली. म्हणजे आपले पाच सदतीस.

यंत्र वेळेवर आलं, आकडे घेऊन आलं, आणि दारातच अडलं : ४०३, परवानगी नाही. फेब्रुवारी २०२३पासून नव्या रिपॉझिटरीत यंत्राच्या टोकनला मुळात फक्त वाचायची मुभा असते. सातबारा कुणीही पाहावा. फेरफार करायचा तर अधिकार वेगळा लागतो. इलाज एका ओळीचा : 'परमिशन्स'खाली 'कंटेन्ट्स : राईट'. ती ओळ सापडेपर्यंतचा इतिहास कमिटच्या नावांत कायमचा कोरला गेला आहे : 'दुरुस्ती', 'दुरुस्ती २', 'फायनल', 'फायनल खरंच', 'आता तरी', आणि नुसतंच एक टिंब.

पुढं एकदा लॅपटॉपवरून ढकललेला बदल 'रिजेक्टेड' म्हणून परत आला, कारण यंत्रानं आधीच कमिट करून ठेवलं होतं. आधी पुल, मग पुश. हे शहाणपण पाच मिनिटांत आलं.

रविवारी बाजार बंद, म्हणून क्रॉनमध्ये सोमवार ते शनिवार एवढंच लिहिलेलं. या दूरदृष्टीचा भाच्याला फार अभिमान होता. तीन आठवडे हिरव्या खुणा. मग डिसेंबरअखेरच्या एका कामाच्या दिवशी लाल फुली.

त्यानं टोकन तपासलं. परवानगी तपासली. घड्याळ, टॅब, इंटरनेट तपासलं. बदल नसताना तीन वेळा पुन्हा चालवून पाहिलं, तर तीन वेळा फुली. रात्री आठला त्यानं शेवटी लॉग पूर्ण वाचला : 'नथिंग टू कमिट, वर्किंग ट्री क्लीन', आणि खाली 'एक्झिट कोड १'. कमिट करायला नवं काही नसलं की गिट त्रुटीचा कोड देऊन बाहेर पडतं आणि ॲक्शन त्याला बिघाड समजते. पण नवी ओळ आलीच का नाही? भाच्यानं मामांना फोन लावला.

"मामा, आज सौदा किती निघाला?"

"कशाचा सौदा? आरं, आज येळवस हाय! दिवसभर समदे रानात व्हतो, आत्ताशी घरी आलाव. आंबील प्यायला ये म्हणलं व्हतं की तुला."

येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, लातूर जिल्हा घराला कुलूप लावून शेतात जातो. कडब्याच्या कोपीत पूजा होते. भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि आंबील असते. शहरातल्या रस्त्यांवर शुकशुकाट असतो. बाजार बंद, भाव नाही, बदल नाही. यंत्र मात्र इमानानं कामावर आलं होतं, आणि भाचाही.

आता कमिटच्या आधी एक 'गिट डिफ' आहे : फरक असेल तरच कमिट, नाहीतर गुपचूप घरी. सगळं सुरळीत चालतं. मामा ते पान उघडत नाहीत, संध्याकाळी फोनच करतात.

लातूरच्या भावांवर असं काही बसवायचं कुणाच्या मनात असेल, तर त्यांनी क्रॉन लिहिण्याआधी मार्गशीर्षातली अमावस्या कधी आहे ते बघून ठेवावं, आणि त्या दिवशी लॅपटॉप नांदेडातच ठेवून सकाळची औशाकडची गाडी धरावी.